दोन विमानांमधली पंचावन्न मिनिटं

एकतीस वर्षं त्याने विमानांच्या पोटात सामान चढवलं. बॅग उचलताच वजन सांगायचा, म्हणून सगळे त्याला काटा म्हणत. स्वतः विमानात मात्र कधी बसला नव्हता. निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी बसावं लागलं. सात हजार किलोमीटरवरच्या शहरात लेकीच्या मणक्याचं ऑपरेशन होतं, सकाळी आठला. त्याआधी आईबाबा दिसावेत, एवढंच तिचं मागणं.

थेट विमान नव्हतं. पहिलं सहा तासांचं, दुसरं चार तासांचं. जावयाने मध्ये सात तासांचा थांबा असलेली तिकिटं सुचवली. काट्याने पंचावन्न मिनिटांवाली काढायला लावली.

"जावईबापू, एका विमानापासून दुसऱ्यापर्यंत सामानाचा ट्रॅक्टर पाच मिनिटांत जातो. मला शिकवू नका."

मधल्या विमानतळावर ते वेळेवर उतरले. काट्याला विमानतळ ठाऊक होता तो खालचा, उघड्यावरचा. आतला त्याने पाहिलाच नव्हता. आत जिने, वळणं, मग तपासणीची रांग, बूट काढा, पट्टा काढा, मग दुसऱ्या इमारतीची बस. बायकोचे गुडघे तर आधीच बोलत होते.

"अहो, झाली का तुमची पाच मिनिटं?"

"बोलू नको, चाल."

"चालतेय. बोलायला पाय लागत नाहीत."

गेटवर पोचले तेव्हा टेबलापाशी एकटी मुलगी उरली होती, नशिबाने आपल्याच भाषेतली. "काका, गेट बंद झालं. माणूस नसला की त्याचं सामानही नेत नाहीत, तुमच्या बॅगा उतरवायला सांगितल्यात. पुढचं विमान उद्या दुपारी."

उद्या दुपारी म्हणजे ऑपरेशन उरकल्यावर. बायको मटकन खुर्चीवर बसली.

काट्याने काचेतून खाली पाहिलं. विमानाचं मागचं पोट उघडं होतं आणि दोघंजण आत ओणवे होऊन बॅगा उपसत होते. सामान पाच मिनिटांतच पोचलं होतं. हिशेब चुकला नव्हता, फक्त तो सामानाचा होता. असल्या उशिरा येणाऱ्यांना त्याने जन्मभर गुडघ्यांवर बसून शिव्या घातल्या होत्या.

"बाई, चूक माझी," तो म्हणाला. "पण आत दीडशे बॅगा आहेत. आमच्या दोन हुडकायला वीस मिनिटं जातील. आम्ही दोन मिनिटांत बसतो. विमानाचं दार अजून लागलं नाही, ते बघा."

तिने वाकून पाहिलं. फोन उचलला, कुणाशी तरी बोलली आणि हाताने खूण केली, जा.

विमानात बसल्यावर खिडकीतून त्याला खालचे दोघे दिसले. एकजण उपसलेल्या बॅगा परत आत टाकत होता, दुसरा कंबर धरून उभा होता. काट्याने मान खाली घातली.

संध्याकाळी सातला ते लेकीच्या खाटेपाशी होते. ती आईच्या मांडीवर हात टाकून पडली होती. जावयाने हळूच विचारलं, "पुरली ना पंचावन्न मिनिटं?"

"नाही पुरली," काटा म्हणाला. "दोन परक्या माणसांच्या कमरेवर बसून आलो."