शिवणीच्या आतलं कापड

एका भल्या बाईचे होते नव्हते तेवढे ब्लाउज मी एका दुपारी नासवले, आणि वर शाबासकीची वाट बघत बसले. ती बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, पारूवैनी. त्यांना जाऊन आता महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, आणि मला नेमकी ती दुपार आठवून हसू फुटतं. सून डोळे वटारते. आता तुम्हीच ऐका आणि ठरवा.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे कुणालाही न विचारता सगळं कळतं अशी खात्री असण्याच्या वयातली. शिवणक्लासच्या परीक्षेत पहिली आलेली, आणि हे ज्याला माहीत नाही असा माणूस नायगावात शोधावा लागला असता. पारूवैनींना आतड्याचा कॅन्सर निघाला, मुंबईला ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन खाडीच्या बांधावरून ताठ चालणारी, अंगानं भरलेली बाई बघता बघता वाळत घातल्यासारखी दिसायला लागली. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे. मी म्हटलं, निदान नीटनेटक्या तरी दिसू देत. त्या इस्पितळात गेलेल्या असताना मी त्यांची ट्रंक उघडली आणि एकेक ब्लाउज टिपा मारून आत घेतला. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, ज्याला आम्ही शिवणारे माया म्हणतो, ते माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. पहिला नंबर आलेली मी! कात्री घेतली आणि सगळं सफाचट केलं.

घरी आल्यावर वैनींनी एक ब्लाउज हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं.

"नले, आतली माया कुठं गेली?"

"कापली. बोचली असती तुम्हाला."

"म्हंजे मी परत जाडी होनार नाय, असं तुला कोनी सांगितलं? डाक्टरनं?"

"नाही हो..."

"मग तू कोन, डाक्टरच्या वरची?"

खरं सांगायचं तर, तोंडानं मी रोज 'बऱ्या व्हाल' म्हणत होते, पण मनातून वैनींना पोहोचवून मोकळी झाले होते. वैनींना ते शिवणीवर बोट फिरवताच कळलं. वांग्यांशीसुद्धा बोलणारी ती बाई, पुढच्या केमोपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या खेपेला मी हट्टानं सोबत गेले. सलाईन चालू असताना एक चष्मेवाली मुलगी आली, हातात टॅब. उपचार घेणाऱ्यांच्या मनात आशा किती, याचा ती अभ्यास करत होती. "मावशी, मी एक वाक्य वाचते. तुम्हाला किती पटतं ते सांगायचं. अजिबात नाही, थोडं, बरंच की पूर्ण?" वाक्य होतं, पुढे चांगले दिवस येतील असं मला वाटतं.

"सकाळचं सांगू का दुपारचं?" वैनींनी विचारलं. "सकाळी चहा पिताना पूर्न. ही बाटली संपली का अजिबात नाय. संध्याकाळी कोनी सुके बोंबील भाजले नि वासानं पोटात ढवळलं नाय, तर बरंच."

"एकच उत्तर निवडायचं असतं, मावशी."

"मग हिला विचार," वैनींनी माझ्याकडे बोट केलं. "ही आमची जाऊ. हिनं माझी आशा आधीच मापली, नि कापून चिंध्यांच्या पिशवीत भरली!"

मुलीनं टॅब बाजूला ठेवला आणि सगळी हकिगत ऐकली. शेजारच्या खाटेवरची बाई एवढी हसली की नर्स धावत आली. मी पदरात तोंड लपवलं, पण आतून सुटल्यासारखं झालं होतं... वैनी बोलल्या होत्या, मग ती बेअब्रू का असेना. जाताना मुलीनं पुन्हा विचारलं, "मग काय लिहू?" वैनी म्हणाल्या, "बरंच लिही. पूर्न लिवलंस तर ही परत कात्री काढील."

आणि वैनी खरंच जाड झाल्या! वर्षभरात एकही ब्लाउज अंगात जाईना. उसवायला आत कापड कुठलं? मग काखेत जोड लावत बसले, मिळेल त्या चिंधीचे. लाल ब्लाउजला पिवळी पट्टी, हिरव्याला फुलाफुलाची. वैनी बाजारात भाजी मोजताना मुद्दाम हात वर करायच्या. "बघा, आमच्या नलीची फॅशन!" असं पुढे कितीतरी वर्षं चाललं. मी नवे शिवून दिले तरी जोडाचेच घालायच्या.

गेल्या वर्षी आजार उलटला, यकृतात पसरला. डॉक्टरांनी सांगितलं, आता केमो नको, दुखणं तेवढं आवरू. तेवढ्यात नातवाचं लग्न ठरलं. वैनी लग्नाला गेल्या, मांडवात खुर्ची टाकून बसल्या, येणाऱ्या प्रत्येकाकडून नमस्कार वसूल केला, आणि पंधरवड्यानं झोपेतच गेल्या. पण माझं मन घुटमळतं ते लग्नाआधीच्या एका दुपारी. त्यांनी मला जांभळं रेशमी कापड दिलं होतं. बारा वर्षांत मी शहाणी झाले होते, म्हणजे मूर्खपणाची बाजू तेवढी बदलली होती. दोन्हीकडे आत एवढं कापड ठेवलं की त्यात दोन वैनी मावल्या असत्या. वैनींनी ब्लाउज घातला. काखेत बोळा झाला. त्यांनी आत बोट घालून चाचपलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "राहू दे वैनी, पुढे लागेल." त्यांनी माझा गाल कुरवाळला आणि म्हणाल्या,

"नले, ह्या टायमाला जाडी व्हायची आशा नाय धरली मी. नातवाच्या लग्नात मिरवायची धरलीय. ते आतलं बोचतंय, काप सगळं. नि गळा मागून चांगला खोल घे."