कुरडईने पकडलेलं पॅनल

रोज दुपारी बाराच्या सुमाराला ताडकळसच्या पुढच्या एका गावात शाळेच्या छतावरचं ऊन कमी व्हायचं. महिना एप्रिलचा. आभाळात ढग औषधालाही नाही. तरी माझ्या कॉम्प्युटरवर तिथल्या सोलर पॅनलची वीज धपकन खाली यायची आणि चार वाजेपर्यंत खालीच राहायची.

मी परभणीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि सोलर पॅनलच्या मॉडेलिंगवर संशोधन करते. मॉडेल म्हणजे इथे नुसतं गणित. ऊन किती, हवा किती तापली, पॅनल कुठल्या दिशेला, हे सांगितलं की समीकरणं सांगतात, वीज किती निघायला पाहिजे. लोकांना वाटतं, जितकी उष्णता जास्त तितकी वीज जास्त. तसं नाही. पॅनलला ऊन पाहिजे, उष्णता नको. तापलं की तेही आपल्यासारखंच सुस्तावतं. ते सगळं मी धरलं होतं. तरी मेळ बसत नव्हता.

आमच्या कॉलेजने बसवून घेतलेल्या त्या पॅनलवर शाळेच्या बोअरचा पंप चालायचा. टाकी अर्धीच भरायला लागली. मुख्याध्यापक रोज फोन करू लागले. शेवटी मी पॅनल बसवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं की तुमचा माल सदोष आहे. सही आमच्या प्राचार्यांची.

कंपनीचं उत्तर आलं, "पॅनल उत्तम आहेत. मॉडेल तपासावे. आमचे इंजिनिअर शुक्रवारी येत आहेत."

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. "मॅडम, मॉडेल तुमचं, पॅनल त्यांचं, आणि सही माझी. शुक्रवारी नेमकं कोणाचं नाक कापलं जाणार आहे?"

"बघते सर," म्हटलं.

आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी रझिया बसते. ती गणिताची. तिचंही काम मॉडेलिंगचंच, पण तिचा विषय म्हणजे कॅन्सरच्या गाठी आणि विषाणू यांच्याशी शरीर कसं लढतं. शरीरातल्या पहारेकरी पेशी किती, शत्रूच्या पेशी किती, कोण कोणाला कधी आवरतं, याची ती समीकरणं मांडते.

मी तिला माझा आलेख दाखवला. तिने एका ठिकाणी बोट ठेवलं.

"हा एक दिवस बरोबर कसा?" तिने विचारलं.

आठवड्यातून एक दिवस वीज खाली येत नव्हती. दर आठवड्याला तोच वार.

"त्या दिवशी ताडकळसचा बाजार असतो," मी म्हटलं.

"मग तुझा चोर बाजाराला जातो."

"अगं, पण छताला कुलूप आहे. चावी शिपाई बाबूरावांकडे. मी दोनदा विचारलं. ते म्हणतात, वर कोणीच जात नाही."

रझियाने खुर्ची माझ्याकडे वळवली. "हे बघ. विषाणू बाहेरून येतो. पहारेकरी त्याला चटकन ओळखतात. गाठ मात्र आपल्याच पेशींची असते. पहारेकरी बघतो, म्हणतो घरचंच माणूस आहे, आणि सोडून देतो. तुझा बाबूराव खोटं बोलत नसेल. तो घरच्या माणसाला मोजतच नसेल."

"मग करायचं काय?"

"त्याला फोन कर. सांग, तासाभरात येतेय."

"आणि जायचं?"

"छे. स्क्रीन बघायची."

सोमवारी पावणेएकला मी फोन केला. "बाबूराव, मी यायलेय पॅनल बघायला."

"या की मॅडम," ते म्हणाले. आवाज जरा घाईचा वाटला.

छतावरचा डबा दर पाच मिनिटांनी आम्हाला आकडे पाठवायचा. एक वाजता विजेची रेघ उभी वर चढली. दोन वाजता मी परत फोन केला. "मीटिंग निघाली बाबूराव, आज जमत नाही." अडीचच्या आत रेघ खाली. आम्ही दोघी पीएच.डी. झालेल्या बायका एकमेकींना टाळ्या देत होतो.

एक गोष्ट मात्र खटकली. रेघ वर गेली तरी मॉडेलच्या रेघेच्या दोन बोटं खालीच थांबली. "धूळ असेल," मी म्हटलं. जे समजत नाही ते धुळीवर ढकलायची मला सवय होती.

मंगळवारी तेच केलं. रेघ चढली, पण अर्ध्या तासाने. बुधवारी तर अर्धीच चढली. गुरुवारी आम्हालाच लाज वाटली, फोन केला नाही.

शुक्रवारी कंपनीचे इंजिनिअर पुण्याहून आले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हातात तापमान बघायचा कॅमेरा. निघताना मी बाबूरावांना फोन केला. "आज खरंच यायलोत. सोबत साहेब आहेत."

"बरं बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रझिया मोबाइलवर आकडे बघत गाडीत बसली होती. ताडकळस आलं तरी रेघ जागची हलली नाही. ती माझ्या कानाशी लागली. "पहारेकरी दमला. हे आमच्याकडेही होतं. विषाणूशी किंवा गाठीशी लढाई लांबली आणि रोज इशारा मिळत राहिला की पेशी लढायच्या थांबतात. इशारा कानावर येतो, पण त्या उठत नाहीत."

"आपणच दमवला," मी म्हटलं.

शाळा सकाळची, त्यामुळे पोरं कधीच घरी गेलेली. बाबूराव आम्हाला बघून बाजूला झाले. जिन्याचं कुलूप उघडं होतं.

वर तीन पॅनलवर धुतलेली लुगडी अंथरलेली आणि त्यांवर ओळीने कुरडया. शेजारी छत्री धरून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सोजरमावशी बसल्या होत्या. हातात कावळे हाकायची काठी.

"बाबूराव, तुम्ही तर म्हणाला होता, कोणी वर जात नाही," मी म्हटलं.

"कोण जातंय मॅडम? ही तर वयनी हाय माझी."

रझियाने तोंडाला ओढणी लावली.

सोजरमावशी मात्र माझ्यावरच घसरल्या. "तुमीच का त्या फोनवाल्या? तीन दिस झालं, मी वल्ल्या कुरडया उचलून खाली न्यायलेय. अर्ध्या मोडल्या. आन तुमी येतच न्हाई. आज मीच म्हनलं भावजीला, मी उठत नसते."

"मावशी, यामुळे तर टाकी भरेना," मी म्हटलं. "ही पॅनल एकमेकांना जोडलेली आहेत. एकावर सावली पडली की सगळ्या रांगेची वीज कमी होते."

मावशींची काठी थांबली. "म्हंजी पानी माज्यामुळं न्हाई? आन मीच रोज हापशावरून घागरी आनायलेय."

इंजिनिअर खुशीत होते. "झालं तर मॅडम. पॅनल उत्तम, मॉडेल उत्तम. दोष कुरडईचा. पत्र मागे घ्या." ते खिशातून पेन काढत होते.

मला प्राचार्यांचा चेहरा दिसू लागला. मावशी लुगडी गुंडाळायला लागल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मावशी, चार पॅनल आहेत. हे कोपऱ्यातलं का सोडलं?"

"त्याच्यावर न्हाई घालत. लय तापतंय ते. पयल्याच दिशी घातल्या तर एका बाजूच्या कुरडया करपल्यावानी पिवळ्या झाल्या. बाकीच्यावर कशा पांढऱ्याशिप्पट निघत्यात."

इंजिनिअरचं पेन थांबलं.

रझियाने माझ्याकडे बघितलं. दोन बोटं खाली राहिलेली रेघ आम्हाला एकदमच आठवली.

सगळी पॅनल मोकळी केली. तासभर थांबलो. मग इंजिनिअरनी कॅमेरा लावला. कोपऱ्यातल्या पॅनलवर तळहाताएवढा एक भाग बाकीच्यापेक्षा कितीतरी तापलेला. पॅनलमधला एखादा तुकडा बिघडला की तो वीज द्यायच्या ऐवजी बाकीच्यांची वीज खातो आणि तापत जातो.

"हे सावलीमुळेही होतं," इंजिनिअर म्हणाले. "कुरडया घातल्या म्हणून बिघडलं असेल."

"पयल्या दिशीच पिवळ्या झाल्या म्हनलं ना साहेब," मावशी म्हणाल्या.

मी फेब्रुवारीचे आकडे काढले. तेव्हा कुरडयांचा हंगाम सुरू व्हायचा होता. रेघ तेव्हाही दोन बोटं खालीच होती. अगदी पॅनल बसवल्याच्या दिवसापासून. मी स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे "धूळ" असं लिहून ठेवलं होतं.

इंजिनिअरनी आकडे दोनदा बघितले. मग सरळ म्हणाले, "बदलून देतो." आणि दिलंही, पंधरा दिवसांत. टाकी भरायला लागली. पत्र मागे घ्यावं लागलं नाही. प्राचार्यांना कुरडयांचं आम्ही सांगितलं नाही, ते त्यांना हा मजकूर वाचून कळेल.

मावशींसाठी पॅनलच्या मागे, सावली पडणार नाही अशा बेताने, बाबूरावांनी पत्र्याचा मांडव घातला आणि त्यावर काच टाकली. पॅनलवर वाळायच्या तशा तिथे वाळत नाहीत, अशी मावशींची तक्रार आहे. त्यात तथ्य आहे, मी तापमान मोजलं.

आता कुठल्याही गावात पॅनल बघायला गेले की मी आधी छताचीच चौकशी करते, वर कोण जातं? उत्तर ठरलेलं असतं, कोणीच नाही. मग मी जिन्याकडे बघते. जिना नेहमी स्वच्छ झाडलेला असतो.