फुलाबाईच्या कोपरावरचा चट्टा

कळसमध्ये पेपर साडेनऊच्या एसटीनं यायचा आणि फुलाबाई सातला. त्यामुळं पेपरात गावाला वाचण्यासारखं फारसं काही उरत नसे. डोक्यावर पाटी, पाटीत मळ्यातली मेथी, वांगी, गवार, आणि पाटीखाली ते सुप्रसिद्ध तोंड. भाजी ती तोलूनमापून देई. बातमीला मात्र तिनं कधी तराजू लावला नाही. कुणाची सून माहेरी गेली, परत कधी येणार, आणि येणार नसेल तर नेमकं काय झालं, ही सगळी माहिती मेथीच्या एका जुडीवर फुकट.

अठ्ठ्याण्णव साली घरोघर जाऊन कुष्ठरोगी शोधायची मोहीम निघाली. इंदापूरहून लुनावर येणारे आरोग्य खात्याचे मोहनराव तोपर्यंत दोनदा गाव हिंडून गेले होते. परका पुरुष अंगावरचे डाग बघायला दारात उभा राहिल्यावर बायकांनी कड्या लावल्या, यात बायकांचं काय चुकलं? शेवटी ते सरपंचांना म्हणाले, "मला अशी एक बाई द्या, जिच्यासाठी गावात कुणाचंच दार बंद नसतं."

"हाय की," सरपंच म्हणाले. "पर तिचं तोंड बी बंद नसतं."

फुलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ग्रामपंचायतीच्या खोलीत पहिल्या रांगेत बसली. मोहनरावांनी समजावलं. अंगावर फिकट नाहीतर लालसर चट्टा असतो. तो खाजत नाही, दुखत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक हलकंच टेकवायचं, आणि टेकवलं तिथं त्यानं बोट ठेवायचं. चट्ट्यावर टेकवलेलं कळलं नाही, तर संशय घ्यायचा.

"तिथं चटका बसला तरी समजत नाही," मोहनराव म्हणाले.

फुलाबाईला आपलं कोपर आठवलं. पंधराच दिवस झाले होते. भाकरी थापताना सून दिपाली ओरडली होती, "अवो आत्याबाई, कोपर! तव्याला टेकलंय!" कातडी भाजल्याचा वास आला तरी फुलाबाई हसत होती. "कष्टाचं कातडं हाय हे, तुमच्यासारखं लोण्याचं न्हाय."

"फुलाबाई, काही विचारायचंय का?" मोहनरावांनी विचारलं.

सगळ्या बायका तिच्याकडं बघू लागल्या. गावातल्या कुठल्याही गोष्टीवर तिच्याकडं पाच-दहा प्रश्न हमखास असत. तिनं उजवी बाही खाली ओढली आणि नाही म्हणून मान हलवली.

तिथून ती तडक मळ्यात गेली. वांग्याच्या सरीत बसली, एक वांगं तोडलं आणि देठाचा काटा मनगटाला टोचला. "आई गं!" दंडाला टोचला, कळ आली. कोपरामागं कधीपासून रुपयाएवढा एक फिकट डाग होता, त्यावर टोचला. काही नाही. पुन्हा टोचला. रक्ताचा थेंब आला, कळ आली नाही. मग ती तशीच बसून राहिली, ते वांगं ओट्यात घेऊन, एखादं मेलेलं पाखरू धरावं तसं.

तिला बनाबाई आठवली. सहा-सात वर्षांपूर्वी बनाबाईची दोन बोटं वाकायला लागली होती. ती पहिल्यांदा कुणी पाहिली? फुलाबाईनं. आणि सकाळच्या एका फेरीत गावभर कुणी केलं? तेही फुलाबाईनंच. "बनाबाईला रगतपिती हाय म्हणं!" त्याच आठवड्यात लेकानं आईला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवलं. भाकरी लांबून सरकवायचे. वर्षभरानं ती पळसदेवला भावाकडं निघून गेली, ती गेलीच. माणूस घराबाहेर कसं पडतं, किती दिवसांत पडतं, हे फुलाबाईइतकं कळसमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. आता तिची पाळी.

पुढचे पाच दिवस ती हातात पेन आणि कागद घेऊन घरं हिंडली. घरी तिनं स्वतःचा तांब्या गुपचूप वेगळा ठेवला. नात मांडीवर चढायला आली की ढकलून द्यायची, पोरगी रडायची. आणि खरं सांगायचं तर लोकांच्या अंगावर ती चट्टे आशेनं शोधत होती. एकटी सापडण्यापेक्षा चौघी सापडलेल्या बऱ्या! कुणाच्या पाठीवर गजकर्ण दिसलं की पेन जरा जास्तच दाबायची.

"कळलं का गं?"

"कळलं की, मेले! भोसकतीस का काय?"

असं कुणी म्हटलं की हिचं तोंड उतरायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची. सकाळी भाजी द्यायची, पण बातमी नाही. बायका विचारू लागल्या, "फुलाबाई, दातखीळ बसली का?" एरवी या थट्टेला तिनं तीन पिढ्या उकरून उत्तर दिलं असतं. आता ती नुसती बाही ओढायची.

सहाव्या दिवशी राहिली ती माळावरची धनगरवस्ती. मोहनराव लुना घेऊन खाली बाभळीपाशी थांबले. वस्तीवर सत्ता भामाबाईची. वय सत्तर, दात चार, पण चारही धारेचे.

"या या! आज भाजी न्हाय, बातमी न्हाय, नुसतं पेन?"

"सरकारी काम हाय, भामाबाई. अंगावर कुठं डागबिग असला तर..."

"तुला दावायचा? म्हंजी उद्या सातच्या आत कळसभर!"

जमलेल्या पाचसहा बायका फिदीफिदी हसल्या.

"हसू नगा गं," भामाबाई म्हणाली. "बनाबाईचं काय केलं हिनं, ते आमी इसरलो न्हाय. असं कर, फुले. आदी तुझं दाव. मग आमी दावू."

"माझं काय बघायचं?"

"का? तू काय सोन्याची घडलीस?"

फुलाबाईनं डावा हात पुढं केला. स्वच्छ होता.

"दुसरा."

"तितं भाजलंय."

"भाजलं तर भाजलं. आमी काय खातोय व्हय?"

परत फिरता आलं असतं. कागदावर 'कुणी नाही' लिहिलं असतं तर मोहनरावांनी विश्वास ठेवला असता. तिचे पाय वळलेही. तेवढ्यात तिला खोपटाच्या दारात, आतल्या अंधारात, भामाबाईची धाकटी सून दिसली. पोरीनं पदर अर्ध्या गालावरून घट्ट ओढून धरला होता. वारा नव्हता, ऊन नव्हतं, कुणी मोठा पुरुष समोर नव्हता. तरी ती पदर पुन्हा पुन्हा ओढत होती. आणि तिची नजर फुलाबाईच्या बाहीवर होती.

फुलाबाईनं बाही वर केली.

"डोळं झाक," भामाबाई म्हणाली आणि तिच्या हातातलं पेन घेतलं.

फुलाबाईनं डोळे मिटले. दंडावर टोक टेकलं. तिनं बोट ठेवलं. मनगटावर टेकलं. तिनं बोट ठेवलं. बायका अजून खुसखुसत होत्या. मग काहीच नाही. लांब कुठंतरी कोकरू ओरडलं. फुलाबाई वाट बघत राहिली. खुसखुस थांबली. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, आणि तो आवाज मागं सरकला.

"टेकीव की गं म्हातारे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"टेकवून झालं, फुले. तीनदा."

तिनं डोळे उघडले तेव्हा अंगणात भामाबाई एकटीच होती. बाकीच्या बायका उताराला लागल्या होत्या आणि त्यांची दिशा गावाकडची होती.

भामाबाईनं तिचं मनगट धरलं, त्याच हाताचं, आणि ओढत तिला खोपटात नेलं. "आता हिचं बघ. दिवाळीपास्नं आत ठिवलीया मी. माझ्या लेकाला बी धड सांगितलं न्हाय."

पोरीनं पदर सोडला. गालावर तांबूस चट्टा होता. तिनं डोळे मिटले, आणि फुलाबाईनं पेन टेकवलं. पोरगी वाट बघत राहिली.

"हिचं कुठं बोललीस तर जीभ कापीन," भामाबाई म्हणाली, पण तिनं पदर डोळ्यांना लावला.

मोहनरावांना वर बोलावलं. त्यांनी दोघींना तपासलं. नसा चाचपल्या, बोटं पसरायला लावली. "नक्की काय ते डॉक्टर उद्या सांगतील. पण मला वाटतं, सहा महिन्यांच्या गोळ्यांत दोघी बऱ्या व्हाल. काही वाकडं व्हायच्या आत सापडलाय. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, गोळीनं लघवी तांबडी होते."

"बरं झालं आदीच सांगितलंत," फुलाबाई म्हणाली. "न्हायतर त्याच भ्यानं मेले असते."

मोहनराव डोकं खाजवू लागले. "पण या मुलीला दवाखान्यात येताना गावानं पाहिलं तर? गोळ्या इथं कशा पोचवायच्या?"

"मेथीच्या जुडीत घालून," फुलाबाई म्हणाली. "दर महिन्याला मी आणंन. पाटीत कोण हात घालतंय माझ्या?"

त्या सुनेचं नाव कळसला आजतागायत कळलेलं नाही, आणि फुलाबाईसारख्या बाईच्या हयातीत ही काही साधी गोष्ट नव्हे.

पण तिच्या स्वतःच्या बातमीला कोण अडवणार? ती घरी पोचायच्या आत घरी पोचली होती. गल्लीत बायका दारातून आत सरकल्या. एकीनं पोराला दंडाला धरून ओढून घेतलं. ती भिंतीला हात लावत अंगणात आली आणि थांबली. तिची अंथरायची वाकळ अंगणात दगडावर पडली होती.

दारात दिपाली उभी होती, मागं पोरगी.

"आत्याबाई, तितंच थांबा."

फुलाबाई थांबली.

"मीच टाकली ती," दिपाली म्हणाली. "भ्याले मी. ह्यांनी न्हाय टाकली, मीच." आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकल्यापास्नं सुई टोचून घेतेय अंगाला. कळतंय का न्हाय, तेच कळंना झालंय. माझं बघा. आदी माझं बघा, मग हिचं."

फुलाबाईनं कनवटीचं पेन काढलं. दिपाली उन्हात खाली बसली आणि तिनं डोळे गच्च मिटले.

"हितं," ती म्हणाली. "हितं. हितं." प्रत्येक वेळी बोट बरोबर जागी. पाठ झाली, हात झाले, पोटऱ्या झाल्या. मग नात बसली. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती "हितं, हितं" करत लोळायलाच लागली. फुलाबाईचा हात सहा दिवसांत पहिल्यांदा तिला मायेनं लागला होता.

दिपालीनं डोळे पुसले. उठून वाकळ झटकली, उचलली, आत नेली. चुलीशेजारी फुलाबाईची रोजची जागा होती. तिथवर ती गेली नाही. दाराच्या आतच, उंबऱ्याला लागून, तिनं वाकळ अंथरली.

"सध्या हितंच, आत्याबाई," ती खाली बघत म्हणाली.

फुलाबाईनं पाय उचलला, क्षणभर अधांतरी धरला, आणि उंबऱ्याच्या आत टाकला.