आधीच भरलेली रात्र

कारखान्यात त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत. बॉयलर सांभाळायचा आणि दर तासाला वाफेचा दाब वहीत टिपायचा, हे त्याचं काम. वही इतकी देखणी की साहेब ती पाहुण्यांना दाखवत. खरं सांगायचं तर हा पठ्ठ्या कामावर येताक्षणीच आठही तासांचे आकडे एका दमात भरून मोकळा होई. असं तिथे सगळेच करत, याचं अक्षर चांगलं एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार तिथेच वाफेने भाजून गेला. वहीत दाब व्यवस्थित दहा होता, म्हणून चौकशीत दोष मेलेल्याच्या माथी बसला. तेव्हापासून काटेकोरला गांजाशिवाय झोप नाही. आधी दोन झुरक्यांत डोळा लागे, स्वप्नबिप्न काही नाही. पुढे सहा झुरके झाले, तरी रात्री तीनला डोळे टक्क उघडे. एका दुपारी तो बॉयलरपाशीच पेंगला. महिन्याभरात झोप ताळ्यावर आण, नाहीतर घरी बस, असं साहेबांनी बजावलं.

बायकोने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि गांजाचं सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. गांजा हळूहळू बंद करायचा, दुपारी आडवं व्हायचं नाही, झोप येईना तर उठून खुर्चीत बसायचं, रोज एकाच वेळी उठायचं आणि झोपेची वही ठेवायची. गांजा सुटला की स्वप्नं गर्दी करतील, घाबरायचं नाही, असंही त्या म्हणाल्या.

त्याने वही ठेवली, पण आपल्या पद्धतीने. दुपारचं जेवण झालं की भरून टाकायची: एक वाजता झोप, तीनला जाग. आणि रात्र तशीच्या तशी घडे. एकदा चुकून हातून चार लिहिलं गेलं, तर जाग चारला आली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. त्याला त्या वहीची भीती वाटू लागली.

तीन आठवड्यांनी बाई पानं उलटता उलटता थांबल्या.

“आजची रात्र तुम्ही आधीच भरलीय.”

वही सकाळी भरायची, रात्र होऊन गेल्यावर, हे त्यांनी पुन्हा समजावलं.

गांजा सुटून आठवडा झाला होता. दुसऱ्या रात्री पान कोरं ठेवून तो आडवा झाला. झोप लागली आणि जोडीदार आला. कुठे भाजल्याची खूण नाही, नेहमीसारखा फडक्याला हात पुसत उभा.

“आकडा किती रे?” त्याने शांतपणे विचारलं.

काटेकोरला वर दाबाच्या काट्याकडे बघावंच लागलं.

सकाळी सहाला जाग आली. बायको खुशीत होती.

“झोपलात तर छान. पण अहो, रात्रभर साडेतेरा, साडेतेरा काय चाललं होतं?”

तो आकडा त्याने अपघाताच्या दिवशी खरोखर पाहिला होता, लाल रेघेच्या पार पलीकडे. पण वहीत दहा लिहून झालं होतं. सुंदर पानावर खाडाखोड नको, म्हणून तो बघून पुढे गेला होता. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

“त्याची काही चूक नव्हती,” तो म्हणाला.

मग त्याने कोऱ्या पानावर अकरा वर्षांपूर्वीची तारीख घातली, पुढे साडेतेरा लिहिलं आणि वही घेऊन जोडीदाराच्या बायकोकडे निघाला.