मातीची गोळी आणि अठरा इंची चाकं

टायरच्या दुकानात चाळीस वर्षं घालवलेल्या मिलिमीटरकाकांचं खरं नाव आता फक्त बँकेला ठाऊक होतं. "रिम मोठी हवी? मग टायरची भिंत त्या हिशेबानं बुटकी घ्या. चाकाची एकूण उंची बदलता कामा नये," हे त्यांनी अख्ख्या गावाला ऐकवलेलं. नवी चाकं बसवली, की मडगार्डच्या आत मुलांच्या खेळातल्या मऊ मातीची गोळी चिकटवायची आणि गाडी गतिरोधकांवरून फिरवून आणायची. गोळी चेपली, म्हणजे टायर आत घासणार; चाकं परत. गिऱ्हाईक पाया पडलं तरी काका ढिम्म.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी, दोन सीटांची, तांबडी स्पोर्ट्स कार घेतली आणि भला माणूस बिघडला. मूळची चाकं सोळा इंची. काकांचा जीव जडला अठरा इंची, चांगल्या रुंद चाकांवर.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," काकू म्हणाल्या. "माझी कंबर आधीच कुरकुरते. गोळी शाबूत राहिली, तरच मी शेजारी बसेन."

काकांनी गाडी घेतली होती तीच मुळी काकूंना शेजारी बसवायला. अठरा इंची चाकं बसवून, गोळी चिकटवून, वजनाला म्हणून शेजारचे गलेलठ्ठ शिंपी घेऊन ते फेरी मारून आले. वाकून पाहतात तर गोळी भुईसपाट! काकांनी इकडेतिकडे पाहिलं, ती काढून हातावर वळली आणि गुपचूप परत चिकटवली.

काकूंनी गोळी काढून चष्मा लावला. काकांच्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा तिरका व्रण होता. तोच मातीत लख्ख उमटला होता.

"अहो, हे टायर कुठल्या कंपनीचं?"

काका कानापर्यंत लाल झाले. काकू इतक्या हसल्या, की कंबर धरून पायरीवर बसल्या. मग काकांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सतरा इंची, जरा कमी रुंद चाकं बसली. गाडी कशी ऐटीत उभी राहिली! नवी गोळी चिकटवून काका काकूंसह निघाले, आणि प्रत्येक गतिरोधक असा पार केला, जणू मागे काचेचं कपाट ठेवलंय.

"अहो, चालत गेले असते तर आधी पोचले असते. दाबा की जरा!"

काकांनी दाबलं. काकूंच्या तोंडून शाळकरी पोरीसारखी किंकाळी निघाली.

दारात आल्यावर काकांनी उतरून पाहिलं. गोळी गोलच्या गोल. त्यांनी ती मोठ्या दिमाखानं काकूंना दाखवली. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"चिकटवा परत," त्या म्हणाल्या. "एका फेरीनं कुठे खात्री पटते?"