सरकारी टाकी आणि वामनभाऊंची शेगडी: किन्हीराजातले अठरा दिवस

"गॅसची टाकी आली. चहा प्यायला ये." ताईचं एवढंच पत्र, आणि मी पिशवी भरली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी अकोल्यात टायपिंग शिकत होते, नोकरी नव्हती, म्हणजे सवडच सवड. शेणावर चालणारा गॅस मला बघायचाच होता.

तुम्हाला किन्हीराजाला जायचं असेल तर अकोल्याहून सकाळची एसटी धरा आणि पातूरच्या घाटासाठी खिडकी सोडू नका. मेडशीला गाडी थांबली की भजी खा. तेव्हा चार आण्यांत कागद भरून मिळायची. मालेगावला गाडी बदलायची. आता वाटेत सोयाबीन दिसेल, तेव्हा दोन्ही अंगांना तूर आणि कपाशी होती. आमची दुसरी गाडी दीड तास आलीच नाही, आणि मी चिडून कंट्रोलरचं डोकं दोनदा खाऊन आले.

घरी पोचले तर ताई चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली, डोळे लालभडक. "अगं, गॅस कुठाय?" तिनं अंगणाकडे बोट दाखवलं. भलीमोठी लोखंडी टाकी तोंड वर करून ठेवलेली, आणि आत काठोकाठ ज्वारी! गॅस निघायचं भोक भाऊजींनी चिंधीनं बुजवलं होतं. मी हसून हसून बेजार.

"काय हासून राह्यली? सबसिडीची हाय," भाऊजी म्हणाले. "साहेब पाहून जाईन, मंगच बसवू. आपल्या मनानं हात लावला तं बाकीची रक्कम बुडते."

साहेब तीन महिने आले नव्हते. गॅससाठी बांधून तयार असलेल्या खड्ड्यात कोंबड्या बसत होत्या. रात्री ताईनं सांगितलं, वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलंय, धूर टाळा, नाहीतर नजर जाईल. हे पत्रात नव्हतं. मला भाऊजींचा भयंकर राग आला.

सकाळी ताई मला वामनभाऊंकडे घेऊन गेली. ते गिरणीतून परतलेले फिटर. बौद्ध वस्तीतल्या आपल्या घरामागे त्यांनी डांबराची पिंपं जोडून, कोणाला न विचारता, स्वतःचा गॅस केला होता. पिंपांतून गळणाऱ्या गॅसचा वास येत होता, पण पत्र्याच्या शेगडीवर चहा झक्क झाला.

"माही टाकी गयते, शेगडी पक्की. तुमची टाकी पक्की," ते म्हणाले. "जमवून टाकू. पन वैनी, मजुरी पुरी घेईन. मी काही सरकार नाही सूट द्यायले!"

भाऊजी शेतात गेले आणि आम्ही दोघींनी ज्वारी पोत्यांत उपसली. वामनभाऊंनी खड्ड्यात शेण कालवलं, त्यात आपल्या खड्ड्यातलं जुनं शेण विरजणासारखं घातलं, आणि चार माणसं लावून टाकी त्यावर पालथी घातली. मग आपल्यासारखीच पत्र्याची शेगडी तिला जोडून दिली.

"काहून हात लावला?" भाऊजी परतल्यावर ओरडले. "साहेबाले काय सांगू?"

"सांगजा, बायकोचे डोये चालले होते," ताई म्हणाली. भाऊजींनी ज्वारीची पोती उचलून घरात नेली.

मग नुसती वाट बघायची. रोज ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, आणि गॅस साठेल तशी बोटाबोटानं वर येणारी टाकी. पहिली काडी ओढली तर काहीच पेटेना. "म्हनलं होतं ना!" भाऊजी म्हणाले. पहिला गॅस सोडून द्यायचा असतो, असं वामनभाऊंनी समजावलं. तिसऱ्या दिवशी निळी आच धरली, आणि भाऊजी सगळ्या गावाला हाका मारून चहा पाजत सुटले.

त्याच आठवड्यात साहेब उगवले. दोन कप चहा प्याले आणि लिहिलं, शेगडी मंजूर नमुन्याची नाही. बाकीचं अनुदान अडकलं. भाऊजींचा चेहरा उतरला. जाता जाता मात्र साहेबांनी शेगडीची मापं वहीत उतरवून घेतली.

"घ्या साहेब," वामनभाऊ म्हणाले, "पन मालेबी एक पक्की टाकी लिहा."

परतीच्या एसटीत मी मनाशी भांडत होते. सरकार नसतं तर तसली टाकी ताईच्या दारात आलीच नसती. नुसत्या सरकारवर विसंबून बसलो असतो तर त्यात अजून ज्वारीच असती. तुम्हीच ठरवा, मी आपली ताईच्या बाजूची.

मी ताईकडून आले की आई माझे कपडे आधी अंगणात टाकायची, घरभर धुराचा वास नको म्हणून. या वेळीही तिनं पिशवीतलं वरचं पातळ उचललं, दाराशीच थबकली, नाकाला लावून पुन्हा पुन्हा हुंगलं.

"खरं सांग," ती म्हणाली, "कोनाच्या घरी राह्यली होतीस?"