पुनवेच्या ओहोटीला घारापुरीहून परत

मला पार्किन्सन होऊन पाच वर्षं झाली. हात थरथरतो ते लोकांना दिसतं. दिसत नाही ते असं, की चालता चालता माझे पाय जमिनीला चिकटतात. बहुतेक वेळा उंबऱ्यावर, लिफ्टच्या दारात, फुटपाथच्या कडेला. डोकं म्हणतं चल, कंबरेच्या वरचं शरीर निघतंही, पाय तिथेच. दोन वर्षांपूर्वी बँकेच्या दारात अशीच पुढे कोसळले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून ठाण्याच्या डॉक्टरांकडे जाण्यापुरतीच डोंबिवली सोडायचे. मुलगा पुण्याला, मी इथे पश्चिमेला एकटी. भाजी घरपोच, औषधं घरपोच. बरं चाललं होतं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

माझी धाकटी बहीण मंगल कल्याणला राहते, ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते. जानेवारीत एका रविवारी ती आली आणि चहा होण्याआधीच म्हणाली, "ताई, आपण एखाद्या बेटावर जाऊया."

"तुला वेड लागलंय का?"

"आई आठ वर्षं टिटवाळ्याच्या खिडकीत बसून गेली," ती म्हणाली. "तुला तसंच बसायचंय?"

आईलाही हाच आजार होता. आम्ही दोघींनी तिचं सगळं केलं होतं.

मग शोध सुरू झाला. तुमच्या घरी कोणी काठी, वॉकर किंवा व्हीलचेअर वापरणारं असेल, तर आमची ही वणवण उपयोगी पडेल. पहिला विचार अंदमानचा. स्टेशनजवळच्या एका टूरवाल्याने चकचकीत पुस्तिका पुढे केली. मी विचारलं, "बोटीत चढताना पायऱ्या किती? कठडा आहे का?" तो म्हणाला, "काकू, आमच्याबरोबर ऐंशी वर्षांचे पण येतात." पायऱ्या किती, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. ज्याला पायऱ्या माहीत नाहीत त्याच्या भरवशावर आठवडाभर घराबाहेर राहायची माझी छाती झाली नाही. मग मुरूडचा जंजिरा. तिथे शिडाच्या होड्या, आणि किल्ल्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर उतरायचं. व्हिडिओ मी अर्ध्यातच बंद केला. उरली घारापुरी. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे, आणि सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढायला डोली.

मंगल आठवडाभर आधी एकटी जाऊन पाहणी करून आली. दुकान बंद ठेवून. फोनवर सगळं चित्रण दाखवलं. "बघ, बोट धक्क्याला अगदी लागून. नुसतं पाऊल टाकायचं." मी ते चित्रण वीसेक वेळा पाहिलं.

सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार ठरवला. त्या दिवशी पौर्णिमा होती. कॅलेंडरवर ते आम्हा दोघींनाही दिसलं होतं. मंगल म्हणाली, चांगला दिवस आहे.

सकाळी साडेसहाला ती भाड्याची गाडी घेऊन आली. शीळफाट्याची कोंडी टाळायची म्हणून मोठागाव-माणकोलीच्या पुलावरून निघालो, पुढे ठाणे, पूर्व द्रुतगती मार्ग, मग फ्रीवे. दिवसभराची गाडी महाग पडते, पण माझ्यासारखीला परतीची गाडी शोधत उभं राहणं झेपत नाही, तेव्हा हा खर्च टाळू नका. खाडी ओलांडताना मी बाहेर बघितलंच नाही. मांडीवरच्या पर्समधले गोळ्यांचे कप्पे मोजत होते. दर चार तासांनी एक गोळी, आणि जेवणाच्या निदान अर्धा तास आधी. गोळीचा अंमल उतरला की माझे पाय माझे राहत नाहीत.

गेटवेला गाडी अडथळ्यांपाशी सोडते. तिथून धक्क्यापर्यंत सावकाश चालत, तपासणीसकट, आम्हाला वीस मिनिटं लागली. भरती चढत होती, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. बोट डुलत होती. मी कडेला पोचले आणि पाय थिजले. मागे रांग. कोणीतरी माझा दंड धरला.

"ओढू नका," मी म्हटलं. "मला ओढलं की मी पडते. तुम्ही हात नुसता पुढे धरा, मी धरीन."

जमिनीवर आडवी रेघ आहे असं समजायचं आणि तिच्यावरून पाय टाकायचा, ही मला फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलेली युक्ती. समजले रेघ. टाकला पाय. बोटीत पोचले तेव्हा मंगलचे डोळे भरून आले होते, पण तिने लगेच लाइफ जॅकेटचे बंद ओढायला घेतले.

खालीच बसा. वरच्या मजल्यावरून दृश्य चांगलं दिसतं म्हणतात, पण जिना शिडीसारखा उभा आहे. तासाभराच्या प्रवासात मी बाकाची कड धरून होते. मोठी जहाजं जवळून गेली की त्यांच्या लाटांनी बोट कलंडायची, आणि माझ्या मनात बोटीच्या अपघातांच्या सगळ्या बातम्या यायच्या. मंगल गप्पा मारत होती. मी ऐकत नव्हते.

घारापुरीला उतरणं सोपं गेलं. छोट्या रेल्वेच्या डब्याची पायरी बुटकी आहे. पायथ्याशी डोली: लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधलेले, आणि चार माणसं. भाव आधी ठरवा, आणि जाऊन-येऊन मिळून ठरवा. त्या चौघांत एक पन्नाशीचा होता, बेटावरचाच. त्याने माझी काठी माझ्या मांडीवर ठेवली.

"बाय, हात आत ठेव. आणि मागं टेकून बस. पुढं झुकलीस की आमचा तोल जातो."

खुर्ची उचलली गेली आणि मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोर पुढच्या माणसाची मान होती, खांद्यावर बांबूने पडलेला काळा घट्टा. दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, दगडी हत्ती विकणारी दुकानं. लोक वाट देताना माझ्याकडे बघत होते. लाज वाटली. तरी खरं सांगते, पाय थिजायची भीती त्या दहा मिनिटांत नव्हती. पाय माझे नव्हतेच.

तिकीट खिडकीच्या पुढे चालता येतं, फरशी उंचसखल आहे एवढंच. मुख्य लेण्यात थंड अंधार होता. तीन मुखांच्या शिवाच्या समोर मी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. माझे हात थरथरत होते, काठीचं टोक दगडावर बारीक वाजत होतं. मंगल माझ्या शेजारी होती. ती मूर्तीकडे कमी आणि माझ्या हातांकडे जास्त बघत होती. तेव्हा वाटलं, मी पडेन म्हणून बघतेय.

चूक माझ्या हातून जेवणात झाली. वरच्या हॉटेलात ताट यायला उशीर झाला, मी भुकेने कासावीस झाले होते, म्हणून आधी जेवले आणि मग गोळी घेतली. वर ताटातली डाळ आणि दही संपवलं. अशा प्रथिनांच्या जेवणानंतर गोळी लागूच पडत नाही, हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे. त्यात बाथरूमला पायरी, तिथे पंधरा मिनिटं गेली. खाली धक्क्यावर पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते आणि माझी पावलं घासत होती.

धक्क्याच्या टोकाला जाऊन मी खाली बघितलं. सकाळचं पाणी तिथे नव्हतं. बोटी खोल खाली गेल्या होत्या, आणि सकाळी पाण्याखाली असलेल्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, हिरव्या शेवाळाच्या. आमची बोट धक्क्याला नव्हतीच. आधी दुसऱ्या दोन बोटी, एकमेकींना बांधलेल्या, आणि त्यांच्या पलीकडे आमची.

"मी गेल्या आठवड्यात आले तेव्हा असं नव्हतं गं," मंगल म्हणाली.

शेजारी दोर आवळणारा खलाशी म्हणाला, "आज पुनव आहे ना. पाणी लय खाली जातं. आठवड्यापूर्वी अष्टमीचं, भांगाचं पाणी होतं, तेव्हा एवढा फरक पडत नाही."

"पुढच्या बोटीने गेलं तर?"

"ही धरून दोनच राहिल्यात. आणि पाणी अजून उतरणार."

पायऱ्या मी कठड्याला धरून, मंगलच्या खांद्यावर भार टाकून उतरले. पहिल्या बोटीत दोघांनी धरून घेतलं आणि लाइफ जॅकेट चढवलं. तिथून दुसऱ्या बोटीत जायला काठ ओलांडायचा होता. दोन्ही काठ वर-खाली होत होते, मध्ये वीतभर फट उघडायची आणि मिटायची, आत काळं पाणी. मी रेघ शोधली. पण ही रेघ हलत होती. एक पाय काठावर ठेवला आणि दुसरा उचलेना.

"लवकर करा," मागून कोणीतरी म्हणालं.

मंगल पलीकडे उभी होती. ती घाबरली आणि तिने माझा हात धरून ओढलं.

मी गेले. गुडघा लाकडावर आपटला, काठी सुटून फटीत पडली. बोटी जवळ आल्या तेव्हा ती मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिथे माझा पाय असू शकला असता. कोणीतरी मागून माझ्या लाइफ जॅकेटला घट्ट धरलं होतं, म्हणून मी अजून पहिल्या बोटीत होते. तो आमच्या बोटीचा तांडेल होता, बोट चालवणारा. पांढऱ्या मिशांचा माणूस, दोन बोटी ओलांडून आला होता.

"बसा," तो म्हणाला. "इथंच, काठावर बसा."

"मला नाही जमणार."

"चालायचं नाहीच आहे. बसायचं आहे. बसता येतं ना?"

मी बसले. त्याने माझा उजवा पाय उचलून पलीकडे ठेवला, मग डावा. "आता सरका." मी पलीकडच्या काठावर सरकले. दोघा खलाशांनी बोटी दोराने घट्ट धरून ठेवल्या होत्या. मग पुन्हा तसंच, तिसऱ्या बोटीत. साडी गुडघ्यापर्यंत गेलेली, गुडघ्यातून रक्त, वरच्या मजल्यावरून एकजण मोबाइलवर चित्रण करत होता. तांडेल त्याला म्हणाला, "ते बंद कर." त्याने केलं.

बोट सुटली. मंगलने ओढणी पाण्याने भिजवून माझा गुडघा पुसला आणि समोर बसली. हात मांडीवर ठेवलेले. सूर्य खाली आला होता, बोटीत सगळीकडे तांबडा उजेड. आणि मी तिचा उजवा हात बघितला.

अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता. सावकाश, सारखा, जणू पिठाची बारीक गोळी वळतेय. भीतीने हात थरथरतो तो असा थरथरत नाही. हे मी आईच्या हातात पाहिलं होतं, माझ्या हातात रोज बघते.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने हात चटकन ओढणीखाली घेतला. मग तसाच राहू दिला.

"दिवाळीपासून. टीव्ही बघताना होतं. सुई धरली की थांबतं."

"कोणाला सांगितलंस?"

"तुलाच. आत्ता."

इंजिनाच्या आवाजात मला तिचं पुढचं बोलणं ऐकायला वाकावं लागलं. "ताई, मला बघायचं होतं. हे झाल्यावर खिडकीत बसण्याखेरीज काही करता येतं का. म्हणून तुला आणलं. आणि मीच तुला पाण्यात ढकलणार होते."

"ढकललं नाहीस. ओढलंस."

ती हसली नाही. मीही विनोद केला नव्हता. इतका वेळ मी माझ्या पडण्याला घाबरत होते. त्या भीतीची मला सवय आहे. तिच्यासाठी गोळी आहे, काठी आहे, कठडा आहे. मंगलच्या अंगठ्याकडे बघताना जी भीती आली तिला धरायला काही नव्हतं. गेटवेला बोट एकटीच धक्क्याला लागली, पायऱ्या मात्र तशाच शेवाळाच्या. मी एकेका पायरीवर बसून वर सरकत गेले. या वेळी कोण बघतंय हे बघायचं मला सुचलं नाही.

आता घरी येऊन तीन आठवडे झालेत. गुडघा बरा आहे. ज्यांना जायचंय त्यांना सांगते: जा, पण अष्टमीच्या आसपास जा, पौर्णिमा-अमावास्येला नको. भरती-ओहोटीची वेळ परतीची बघा. गोळी जेवणाआधी घ्या, कितीही भूक लागली तरी. बोटीचा काठ बसून ओलांडा, आणि आपल्या माणसाला आधीच बजावून ठेवा की ओढायचं नाही. टूरवाल्याला पायऱ्या विचारा. सांगता आलं नाही तर उठून या.

मी पुन्हा जाईन का, ते माहीत नाही. फटीतलं काळं पाणी अजून डोळ्यांसमोर येतं.

गेल्या गुरुवारी मी मंगलला माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. घरून निघताना मला कोणाची सोबत लागली नाही, कारण सोबत मीच होते. डॉक्टरांनी तिला बोटं मिटायला-उघडायला लावली, बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवलं. तिचा उजवा हात चालताना हलत नव्हता. ते त्यांच्या आधी मला दिसलं. "सुरुवात आहे," ते म्हणाले. "लवकर आलात."

बाहेर आल्यावर जिना होता, सातच पायऱ्या, कठडा एका बाजूला. मंगल वरच्या पायरीवर थांबली. तिचे पाय अजून थिजत नाहीत, ती नुसतीच उभी होती, औषधांची चिठ्ठी हातात धरून.

मी तिला म्हटलं, "घाई नाही."

मग आम्ही दोघी तिथेच, वरच्या पायरीवर बसलो. लोक बाजूने जात-येत राहिले.